टोलेडोचं ते सिनेगॉग आधी मशीद नव्हतं

‘स्पेनमधल्या टोलेडोचं एल ट्रान्झितो हे सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) म्हणजे मुळात मशीद, भिंतींवरची अरबी अक्षरंच बघा,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. अक्षरं खरोखर आहेत, त्यामुळे असं वाटणं साहजिकच आहे. पण सनावळी पाहा. टोलेडोवरची मुस्लिम सत्ता १०८५ मध्ये संपली. ही वास्तू चौदाव्या शतकाच्या मध्याची, ख्रिस्ती राजाच्या ज्यू खजिनदाराने बांधून घेतलेली. अरबी वळणाची नक्षी तेव्हा तिथे चर्चमध्येही होत असे. ती कुठल्या एका धर्माची खूण नव्हतीच! खात्री करायची तर पूर्वेकडच्या भिंतीचे फोटो बघा. तोरा (ज्यूंचा पवित्र ग्रंथ) ठेवायच्या कोनाड्याशेजारी हिब्रू शिलालेख आहेत, त्यांत बांधणाऱ्याची आणि राजाचीही स्तुती कोरलेली आहे. १४९२ मध्ये ज्यूंना स्पेनमधून हद्दपार केल्यानंतर इथे चर्च झालं. आता ज्यू इतिहासाचं संग्रहालय आहे.