वर्गणीला लहान मुलं पाठवताय? ४१ क ची परवानगी, पालकांचं संमतीपत्र आणि बाकीचे कागद

ऑगस्ट २०१९, सांगली-कोल्हापूरला पूर आलेला. दुपारी दोनला आमची बेल वाजली, दार उघडलं तर दोन पोरं, पाचवी-सहावीतली, एकाच्या हातात पावतीबुक आणि दुसऱ्याच्या हातात कंपासपेटी. "काका, पूरग्रस्तांसाठी." बरोबर मोठं कोणी नाही, जिन्यातही नाही. मी १५१ दिले, पोराने पावती छान अक्षरात फाडून दिली पण स्थळप्रत कोरीच ठेवली, आणि नोटा गेल्या कंपासपेटीत, करकटकाच्या खाली. संध्याकाळी मंडळात मोजल्या तर ३,४०० निघाले. एवढी रोकड घेऊन ही दोघं चार बिल्डिंगा फिरली होती. आणि मंडळ कुठलं, तर आमचंच, खजिनदार मीच, त्यामुळे ओरडायचं तरी कोणावर.

त्या दिवशी सगळे म्हणाले की अरे परवानगी आहे ना आपली. होती. पण ती मंडळाला पैसे गोळा करायची. मी तो फॉर्म आत्तापर्यंत जेवढ्या वेळा भरलाय त्यात मुलांबद्दल एकही प्रश्न नव्हता. म्हणजे सरकारी कागद एक बाजूला आणि मुलांसाठीचे कागद दुसऱ्या बाजूला, आणि हे दुसरे कोणी मागत नाही म्हणून कोणी बनवत नाही. दोन्ही सांगतो.

आधी सरकारी. तुमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली ट्रस्ट असेल, तर तिला नोंदणी क्रमांक असतो आणि दरवर्षी हिशेब द्यावे लागतात, तिला वेगळी परवानगी नको. नोंदणी नसलेलं मंडळ, चाळ कमिटी, मित्रांचा ग्रुप, दहीहंडी पथक, कोणीही धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करणार असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चं कलम ४१ क लागतं, बोलताना सगळे ४१ सी म्हणतात. लोकांना वाटतं हे फक्त गणपती-नवरात्रासाठी आहे. तसं नाहीये. पूर, कोणाचं ऑपरेशन, शाळेला बाकं, सगळं त्यातच.

अर्ज ऑनलाइन आहे, धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर अकाउंट काढायचं, फॉर्म भरायचा, कागद स्कॅन करून टाकायचे, मग तुमच्या जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून मंजुरी येते. एजंटाला पैसे द्यायची काही गरज नाही, मोबाइलवर सुद्धा होतं, फक्त स्कॅन नीट वाचता येईल असा हवा, आमचा एकदा त्यावरूनच अडकला होता. लागतं काय तर मंडळाचा ठराव सगळ्या सदस्यांच्या सह्यांचा, त्या सदस्यांची ओळखपत्रं, कार्यक्रमाच्या जागेबद्दल जागामालकाचं संमतीपत्र किंवा स्थानिक नगरसेवकाचं पत्र, आणि मागच्या वर्षी परवानगी घेतली असेल तर तिची प्रत आणि त्या वर्षीचा हिशेब. हिशेबावरच बहुतेकांची गाडी अडते, कारण मांडववाल्याचं बिल कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसतं. मंजुरीचं पत्र आलं की ते आधी पूर्ण वाचा, किती दिवसांसाठी आहे, कशासाठी आहे. गणपतीसाठी घेतलेल्या परवानगीवर पूरग्रस्तांचे डबे फिरवू नका, हेतू वेगळा असेल तर ठरावात आणि अर्जात तो हेतू लिहा. आम्ही २०१९ ला नेमकी हीच चूक केली होती. खरं तर तेव्हा सरळ मुख्यमंत्री सहायता निधीत टाका म्हणून लोकांना सांगितलं असतं तरी चाललं असतं.

आता मुलं. ४१ क मध्ये वर्गणी मागायला अमुक वय हवं असं काही लिहिलेलं नाही. (तिकडे इंग्लंडमध्ये घरोघरी फिरून निधी मागायला १६ पूर्ण लागतात, १९४७ च्या नियमांपासून, त्यामुळे तिकडच्या मराठी मंडळींनी पोरांना डबा देताना हे बघून घ्या.) पण आपल्याकडे वय लिहिलं नाही म्हणजे काही लागू नाही असं समजू नका. बाल न्याय कायदा २०१५ मध्ये १८ खालचा प्रत्येक जण बालक आहे, आणि त्यात भीक मागण्याची व्याख्या फार रुंद आहे, सार्वजनिक जागी किंवा कोणाच्या घरात शिरून, कुठल्याही बहाण्याने भीक मागणं किंवा घेणं. मुलाला त्यासाठी वापरलं तर कलम ७६, पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड. आता मंडळाचा पोरगा वर्गणी मागतो म्हणून कोणी लगेच ७६ लावणार नाही, पण सिग्नलला डबा घेऊन उभं केलेलं एकटं पोर, बरोबर कोणी नाही, कागद नाही, अशा पोराला पोलीस किंवा १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) वाले बाल कल्याण समितीपुढे घेऊन गेले तर चूक त्यांची नाही. म्हणून सिग्नल, लोकल, प्लॅटफॉर्म, एसटी स्टँड इथे मुलं अजिबात नकोत, कितीही चांगलं काम असो.

दुसरं, "जेवढे आणशील त्यातले दहा टक्के तुझे" हे काही ठिकाणी चालतं, हे बंद करा. कमिशन दिलं की ते काम झालं, आणि १४ खालच्या मुलाला काम देणं म्हणजे १९८६ चा बालकामगार कायदा, २०१६ ला तो आणखी कडक झालाय. भेळ खायला घाला, टीशर्ट द्या, पण रकमेवर काही नको.

आम्ही नंतर ठरावातच लिहून टाकलं. १२ खाली दारोदार नाही, त्यांनी मंडपात बसून पावत्यांवर शिक्के मारावेत, त्यांना तेच जास्त आवडतं. १२ ते १८ वाले येतील पण दर तीन मुलांमागे एक मोठा कार्यकर्ता, पैसे आणि पावतीबुक त्याच्याच हातात, मुलं फक्त बोलतील. घराच्या आत कोणी जायचं नाही, पाणी विचारलं तरी उंबऱ्याबाहेर. संध्याकाळी सातनंतर नाही. शाळेच्या वेळेत तर नाहीच नाही. एका रात्रीत हे जमलं नाही, पहिल्या वर्षी तीनाला एक हे गणित बसेना कारण मोठे कार्यकर्ते ऑफिसात, म्हणून शेवटी फक्त दोन रविवार फिरलो, आणि वर्गणी थोडी कमी झाली, असो.

कागद तीन ठेवतो. पहिला पालकांचं संमतीपत्र, साधं, एका पानावर. आमचा मजकूर असा आहे: "माझा मुलगा/मुलगी (नाव, वय) दि. ___ रोजी सकाळी १० ते १ या वेळेत ___ या बिल्डिंगमध्ये मंडळाच्या कार्यकर्त्यासोबत निधी संकलनासाठी येण्यास माझी संमती आहे. तो/ती रोख रक्कम हाताळणार नाही. मुलाने मधेच घरी जायचं म्हटलं तर त्याला घरी सोडलं जाईल." खाली सही, फोन, आणि काही आजार किंवा अ‍ॅलर्जी असेल तर एक ओळ. तारीख आणि जागा लिहायचीच, "संपूर्ण उत्सवासाठी" अशी मोघम संमती घेऊ नका. दुसरा कागद फोटोसाठी, हा वेगळा ठेवा, कारण बरेच पालक फिरायला हो म्हणतात आणि फोटोला नाही. सोशल मीडियावर मुलाचं पूर्ण नाव, शाळा, बिल्डिंग टाकू नका. आणि मदत ज्या मुलासाठी गोळा करताय त्याचाही विचार करा, बालगृहातलं किंवा अत्याचार झालेलं मूल असेल तर त्याची ओळख छापायलाच बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे, सहा महिने कैद किंवा दोन लाख दंड किंवा दोन्ही. तिसरा कागद मोठ्यांसाठी: मुलांसोबत फिरणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याचं नाव, आधारची प्रत, आणि शक्य असेल तर पोलिसांची चारित्र्य पडताळणी, तिचा अर्ज ऑनलाइन होतो. कोणी चिडतं, "मला ओळखत नाही का?" म्हणून. ओळखतो, तरी दे. मुलाने कोणाबद्दल काही वावगं सांगितलं तर आपसात मिटवायचं नाही, पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं, लपवलं तर तो वेगळा गुन्हा.

शाळेतून येणारी कार्डं हा अजून एक प्रकार. कुठल्यातरी संस्थेचे लोक वर्गात येतात, भाषण करतात, आणि पोरांच्या हातात कार्ड, नाव, रक्कम, सही असे रकाने, ५०० आणलेस तर मेडल, १,००० ला सर्टिफिकेट. भाचीला असं कार्ड आलं होतं, तिने तीन घरं केली, चौथ्या घरी कोणीतरी खेकसलं, मग ती कार्ड दप्तरात लपवून बसली आणि शेवटी वहिनीने स्वतःच सगळे रकाने वेगवेगळ्या पेनांनी भरले. पालक म्हणून तुम्ही काय मागू शकता: संस्थेचा नोंदणी क्रमांक, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, आणि तुमची लेखी संमती घेतली का. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, पोच घ्या. पैसे आणले नाहीत म्हणून मुलाला वर्गात उभं केलं, नावं वाचून दाखवली, तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ आहे, मुलाच्या मानसिक छळालाही त्यात बंदी आहे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीला मी यात धरत नाही, तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून येतो, पण तिथेही छोटे झेंडे वर्गातच द्या, पोरांना बाजारात पाठवू नका.

क्यूआर कोडबद्दल एवढंच, तो मंडळाच्या खात्याचा हवा, खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरचा नको, आणि मुलांच्या मोबाइलवरून फॉरवर्ड नको. एका मुलाने हौसेने अमेरिकेतल्या मामाला पाठवला. मामाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे बँकेतून आले तर ठीक, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर ते परदेशी देणगीत जातं, आणि आपल्या मंडळाला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय ते घेता येत नाही. आम्ही परत केले. मामा रागावला, मग गणपतीला आला तेव्हा मोदक खाऊन विसरला.

फेरी संपली की त्याच संध्याकाळी मोजणी, दोन मोठ्यांच्या सहीने, स्थळप्रती जुळवून, आणि दुसऱ्या दिवशी बँक. पावतीबुकं नंबराने परत घ्या, कोरी पानं असलेलं बुक मुलांच्या घरी राहू देऊ नका. आमचं २०१९ चं एक बुक, क्रमांक ७, अजून सापडलेलं नाही.