‘उघड व्हा’ ही हाक आली कुठून?

नावाजलेल्या समलिंगी व्यक्तीने ‘कम आउट’ व्हावं, म्हणजे आपण समलिंगी आहोत हे उघड सांगावं, ते तिचं कर्तव्यच आहे, हा आग्रह तसा अलीकडचा. अमेरिकेत १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या आदेश क्रमांक १०४५० मुळे समलिंगी माणसाला केंद्र सरकारच्या नोकरीतून काढणं अधिकृत झालं. तेव्हा तोंड बंद ठेवलं तरच घर चालायचं. अशा काळात कोण कुणाला कर्तव्य सांगणार?

मागणीला धार आली ती १९७८ मध्ये, कॅलिफोर्नियात. समलिंगी शिक्षकांना आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांनाही सरकारी शाळांतून काढता यावं, असा प्रस्ताव राज्याचे सिनेटर जॉन ब्रिग्ज यांनी मतदानाला आणला. सॅन फ्रान्सिस्कोचे लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क तेव्हा सभांमधून सांगत होते: आईवडिलांना सांगा, नातेवाइकांना सांगा, सोबत काम करणाऱ्यांना सांगा. ज्याला आपण ओळखतो त्याच्याविरुद्ध मत देणं जड जातं, हा त्यांचा साधा हिशेब. नोव्हेंबरमध्ये सुमारे ५८ टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला मिल्क यांचा खून झाला.

मिल्क यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच त्याआधी तीन वर्षांपूर्वी घडलेलं टाळून पुढे जाता येत नाही.

२२ सप्टेंबर १९७५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सारा जेन मूर हिने राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्यावर गोळी झाडली. गर्दीतल्या ऑलिव्हर सिपल यांनी झडप घालून तिचा हात धरला आणि फोर्ड वाचले. सिपल व्हिएतनाममध्ये जखमी झालेले माजी सैनिक. शहरातल्या समलिंगी वस्तीत त्यांना सगळे ओळखत, पण ते समलिंगी आहेत हे डेट्रॉइटमधल्या घरच्यांना ठाऊक नव्हतं. मिल्क त्यांचे मित्र. समलिंगी माणूसही शूर असतो हे देशाला दिसू दे, म्हणून मिल्क यांनी ही गोष्ट ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ या वृत्तपत्राचे स्तंभलेखक हर्ब केन यांच्या कानावर घातली. सिपल पत्रकारांना विनवत राहिले, तरी बातमी छापून आली. तेव्हा कॅलिफोर्नियात समलिंगी संबंध कायद्याने गुन्हाच होते. तो कायदा रद्द करणारी दुरुस्ती लागू झाली १ जानेवारी १९७६ ला. आईने सिपल यांच्याशी बोलणं सोडलं. त्यांनी वृत्तपत्रांवर दावा लावला, तो १९८४ मध्ये अपिलातही हरले. शहरात अनेकांना ठाऊक असलेली गोष्ट खासगी कशी, असं न्यायालयाचं म्हणणं. घरच्यांना ठाऊक नव्हती, एवढाच तर सगळा प्रश्न होता!

पुढे एड्सच्या साथीत माणसं मरत असताना सत्तेतले समलिंगी गप्प का, हा संताप वाढला. १९९० मध्ये पत्रकार मायकलँजेलो सिन्योरिले यांनी उद्योगपती माल्कम फोर्ब्स यांचं समलिंगी असणं त्यांच्या मृत्यूनंतर छापलं, आणि ‘आउटिंग’, म्हणजे दुसऱ्याचं समलिंगी असणं परस्पर उघड करणं, हा शब्द घरोघरी गेला. १९८७ मध्ये स्वतः उघड झालेले अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य बार्नी फ्रँक यांची कसोटी वेगळी होती. एखादा समलिंगी राजकारणी आपल्याच लोकांविरुद्ध सत्ता वापरत असेल, तरच त्याचं नाव घ्यावं. एरवी ज्याचं त्याने ठरवावं. मला हीच कसोटी पटते. सिपल यांच्याकडे तर सत्ताही नव्हती आणि त्यांनी कुणाचं वाईटही केलं नव्हतं.

१९८९ च्या फेब्रुवारीत ते घरात मृतावस्थेत सापडले. वय ४७. फोर्ड यांचं आभाराचं पत्र चौकटीत बसवून त्यांनी भिंतीवर लावलेलं होतं.