प्रश्नानंतरचे तीन सेकंद

"पाण्याची वाफ होण्याला म्हणतात बाष्पी...?" बाई वाक्य अर्ध्यावर सोडतात आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, "भवन!" आपल्यापैकी बहुतेकजण या कोरसमध्ये सामील झालेले आहेत. प्रश्न विचारला गेला, उत्तरही बरोबर आलं. विचार मात्र कुणालाच करावा लागला नाही.

अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांची शेकडो ध्वनिमुद्रणं ऐकली. १९७०च्या दशकात त्यांनी मांडलेले निष्कर्ष आजही शिक्षकांना चपापायला लावतात. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. तेवढ्यात कुणी बोललं नाही तर प्रश्न पुन्हा विचारत, दुसऱ्या मुलाला उठवत किंवा स्वतःच उत्तर सांगून मोकळे होत. मुलाचं बोलणं संपल्यावरही सेकंदाच्या आत त्यांचं "बरोबर" किंवा "चूक" तयार असे. एवढ्या वेळात पाठ केलेलं आठवतं, पण "असं का असेल?" हे ताडून पाहता येत नाही.

मग रो यांनी शिक्षकांना दोन्ही ठिकाणी किमान तीन सेकंद थांबायला शिकवलं: प्रश्नानंतर आणि उत्तरानंतरही. मुलांची उत्तरं कैक पटींनी लांबली. गप्प बसणारे कमी झाले. मुलं कारणं देऊ लागली, एकमेकांचं म्हणणं खोडू लागली, स्वतःहून प्रश्न विचारू लागली. शिक्षक ज्यांना 'ढ' समजत त्यांच्यासाठी ते हुशार मुलांपेक्षाही कमी थांबत, हेही याच अभ्यासात दिसलं होतं. थांबण्याचा वेळ वाढल्यावर हीच मुलं बोलायला लागली आणि शिक्षकांचं त्यांच्याविषयीचं मत बदललं.

अर्थात "महाराष्ट्राची राजधानी कोणती?" असं विचारून तीन सेकंद थांबण्यात काही हशील नाही. थांबण्याजोगा प्रश्नही हवा.

समजा, बर्फाच्या पाण्याने भरलेल्या ग्लासाला बाहेरून थेंब आले आहेत. हे पाणी कुठून आलं? "काचेतून झिरपलं," असं कुणीतरी हमखास म्हणतं. इथे बहुतेक शिक्षकांची जीभ शिवशिवते, आणि माझ्या मते खरी कसोटी या दुसऱ्या थांबण्याचीच आहे. "चूक" म्हटलं की विषय संपतो. घाईने म्हटलेल्या "शाब्बास"नेही संपतो. त्याऐवजी "हे तपासायचं कसं?" एवढंच विचारून गप्प राहावं. पाण्यात कोकम सरबत मिसळू, झिरपलं तर थेंब लाल येतील, असं एखादी मुलगी सुचवते. थेंब रंगहीन येतात. तरी कुणी अडून बसतं: रंग आत राहिला असेल, नुसतं पाणी बाहेर आलं असेल! शंका रास्त आहे. मग ग्लासावर झाकण ठेवून तो स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायचा. पाणी आतूनच बाहेर आलं असेल तर एकूण वजन तेवढंच राहील. हवेतून आलं असेल तर वाढेल.

मुंबईच्या दमट हवेत थोड्याच वेळात आकडा वर सरकतो. मे महिन्यात नागपुरात तोच प्रयोग केला तर थेंब फारच कमी जमतील, आणि ते का, हे विचारून पुन्हा गप्प बसता येईल.