टक-टक आवाज आला की आधी डिस्क बंद करा

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यात घरोघरी साफसफाई निघते आणि कपाटाच्या वर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला जुना सीपीयू खाली येतो. मग कोणाला तरी आठवतं की अरे, यात २००५-०६ च्या माटोळीचे (गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांच्या चौकटीचे) फोटो आहेत, आजोबा आरतीला घुमट वाजवतात तो व्हिडिओ आहे, भाऊंनी जत्रेच्या नाटकाची संहिता यातच टाईप केली होती. घरात जो कोण 'कॉम्प्युटरातला' असेल (म्हणजे ज्याला वायफायचा पासवर्ड बदलता येतो तो) त्याला हाक जाते, बघ रे जरा चालू होतो का. इथपर्यंत ठीक. घोळ पुढच्या पाच मिनिटांत होतो. चालू होत नाही म्हणून बंद करून परत चालू, परत बंद, वरून एक थप्पड, परत चालू. आतली हार्ड डिस्क, म्हणजे फोटो आणि फाईली जिच्यावर साठतात ती, मरायला टेकलेली असेल तर ती याच पाच मिनिटांत मरते, इतकी वर्षं कपाटावर होती तेव्हा नाही.

असं का होतं ते कळायला डिस्कच्या आत काय चालतं ते थोडं बघूया. आत अॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत चकत्या असतात आणि त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर, आपले फोटो म्हणजे या थरावरच्या चुंबकीय खुणा. मोटर त्या चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरवते. ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या झाल्या, आणि डेस्कटॉपवाल्या साडेतीन इंची डिस्कमध्ये चकतीची बाहेरची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पळत असते. वाचणारं हेड चकतीला टेकत नाही, फिरण्यामुळे तयार झालेल्या हवेच्या थरावर तरंगत राहतं, आणि आताच्या डिस्कमध्ये मधलं अंतर असतं फक्त काही नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे बघा. इतक्या बारीक खुणा वाचायला जो परिणाम कामाला आला, जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स (चुंबकामुळे विजेचा अडथळा बदलणं), तो १९८८ च्या सुमारास फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांनी वेगवेगळा शोधला आणि दोघांना २००७ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं.

या जागेत साधा धुळीचा कण शिरला तरी हेडला तो डोंगर. त्यामुळे यूट्यूब बघून पडवीत बसून झाकण उघडायचं असलं काही करू नका. रिकव्हरीवाले डिस्क उघडतात ते क्लीन रूममध्ये, जिथली हवा सतत गाळलेली असते.

डिस्कचा आजार बऱ्यापैकी कानाने ओळखता येतो, त्यासाठी एकदाच चालू करायची आणि कान लावायचा. अजिबात आवाज नाही, हाताला थरथरही लागत नाही, तर गडबड बहुतेक खालच्या हिरव्या सर्किट बोर्डात किंवा वीज पुरवठ्यात असते. आपल्याकडे पावसात गडगडाट झाला, लाईट गेली आणि जोरात परत आली की हे होतं. बऱ्याच बोर्डांवर एक छोटा डायोड असतो जो जास्त व्होल्टेज आलं की स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो, म्हणजे बोर्ड मेल्यासारखा दिसतो पण आतला डेटा शाबूत. तरी तशाच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून लावला की झालं असं आता राहिलेलं नाही, कारण प्रत्येक डिस्कच्या हेडची स्वतःची मोजमापं फॅक्टरीतच त्या बोर्डावरच्या चिपमध्ये भरलेली असतात आणि ती चिप किंवा तिच्यातली माहिती नव्या बोर्डावर न्यावी लागते. बारीक सोल्डरिंग जमणाऱ्या माणसाचं काम आहे ते.

फिरायला बघते पण फिरत नाही, नुसती गुं-गुं करते, तर हेड चकतीला चिकटलेलं असू शकतं किंवा मोटर जाम. आणि नियमित टक... टक... टक... म्हणजे हेडला चकतीवरच्या दिशा दाखवणाऱ्या खुणा सापडत नाहीयेत, ते मूळ जागी परत जातं आणि पुन्हा शोधायला निघतं. हा आवाज आला की तिथेच प्लग काढा. वाकडं झालेलं हेड असेल तर प्रत्येक फेरीला ते तो चुंबकीय थर खरवडून काढत असू शकतं, आणि खरवडून निघालेला फोटो जगातला कुठलाच इंजिनियर परत आणू शकत नाही. इथून पुढे घरगुती उपाय नाही, एक तर लॅबवाल्याकडे द्या नाहीतर तशीच जपून ठेवा आणि पैसे जमले की द्या.

फ्रीजरचा उपाय तुम्ही ऐकला असणारच. डिस्क रात्रभर फ्रीजरात ठेवा, सकाळी चालते. खूप जुन्या काही डिस्कवर थंडीने धातू आकसून जाम झालेला भाग सुटायचा, तिथून ही गोष्ट पसरली. पण ऑगस्टमधल्या गोव्यात फ्रीजरातली कुठलीही वस्तू बाहेर काढून ठेवा आणि बघा, मिनिटभरात पाणी सुटतं. साध्या डिस्कला हवेचा दाब सारखा ठेवायला एक बारीक भोक असतं, वर लिहिलेलंही असतं की हे बुजवू नका, म्हणजे आतली हवा आणि बाहेरची हवा एकच. (मोठ्या क्षमतेच्या हेलियम भरलेल्या डिस्क पूर्ण बंद असतात, पण त्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरात कुठून येणार.) चकतीवर दव आणि त्यावर काही नॅनोमीटरवर हेड. कृपा करून नको.

डिस्क किती सोसते याचं सगळ्यात मोठं उदाहरण मात्र थक्क करणारं आहे. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना फुटलं, आपली कल्पना चावला त्यात होती. यानात झेनॉन वायूच्या चिकटपणावरचा एक प्रयोग होता, त्याचा काही डेटा आधीच रेडिओने खाली आला होता, बाकीचा एका जुन्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क महिन्यांनी टेक्सासमध्ये सापडली, वितळल्यासारखी, बोर्ड जळालेला, आत माती गेलेली. मिनेसोटातल्या क्रोल ऑनट्रॅक कंपनीच्या लोकांनी चकत्या काढून साफ केल्या, दुसऱ्या ड्राईव्हमध्ये बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के डेटा काढला, त्यावरचा शोधनिबंध २००८ मध्ये छापून आला. दोन गोष्टी नशिबाच्या होत्या: डॉस (विंडोजच्या आधीची) सिस्टिम असल्यामुळे डेटा सलग एका भागात होता, विखुरलेला नव्हता, आणि चकत्यांवर जिथे ओरखडे होते त्या जागी नेमका डेटा नव्हता. आकाशातून पडलेल्या डिस्कचा डेटा मिळतो आणि टेबलावर चालू राहून हेडने खरवडलेल्या डिस्कचा मिळत नाही, असा हा प्रकार.

आता आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो केस. डिस्क फिरते, आवाज ठीक, पण विंडोज सुरू व्हायला युगं लागतात, एखाद्या फोल्डरवर क्लिक केलं की माऊससुद्धा अडकतो. इथे काही सेक्टर खराब झालेत. सेक्टर म्हणजे चकतीवरचा सगळ्यात छोटा तुकडा, जुन्या डिस्कवर ५१२ बाइटचा, २०११ च्या आसपासपासूनच्या डिस्कवर ४,०९६ बाइटचा, आणि प्रत्येकासोबत चुका दुरुस्त करायचा जास्तीचा कोड असतो. त्या कोडलाही जमलं नाही की डिस्क तोच सेक्टर परत परत वाचत बसते, हेड जरा इकडे, जरा तिकडे, आणि विंडोजला काय चाललंय ते कळत नाही म्हणून तेही वरून परत परत मागत राहतं. अशा वेळी लोक चेकडिस्क (विंडोजमधलीच डिस्क दुरुस्तीची सोय) चालवतात, दुकानवालेही चालवतात, आणि मला हे बघवत नाही. चेकडिस्कचं काम फाईल सिस्टिम, म्हणजे कुठली फाईल कुठे आहे याचा हिशेब, नीट करणं हे आहे, तुमचे फोटो वाचवणं हे नाही, आणि नीट करायच्या नादात ते त्याच आजारी डिस्कवर लिहायला लागतं आणि ज्या फाईलींचा हिशेब लागत नाही त्यांची मोडतोड करून मोकळं होतं.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसते. त्यात बदललेले सेक्टर आणि प्रलंबित सेक्टर हे दोन आकडे बघायचे, शून्य असायला हवेत. पण त्यावर विसंबून राहू नका. गुगलच्या लोकांनी २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. पहिला स्कॅन एरर (डिस्कने स्वतःला तपासताना सापडलेली चूक) दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरायची शक्यता एरर नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट निघाली, आणि त्याच वेळी मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्टमधल्या मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे आकडे वाईट असतील तर घाबरायचं, चांगले असतील तर निर्धास्त व्हायचं नाही.

मग करायचं काय तर आधी नक्कल, नंतर शोध. आजारी डिस्कवरून एकेक फाईल उचलायची नाही, अख्ख्या डिस्कची सेक्टर-बाय-सेक्टर कॉपी दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यायची आणि पुढचं सगळं त्या कॉपीवर. यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लिनक्सच्या बूट होणाऱ्या पेन ड्राईव्हवरून चालतं, जुनी आयडीई (रुंद पट्टीच्या केबलची) डिस्क असेल तर चाळीस पिनांच्या जंजाळात न पडता सरळ आयडीई-यूएसबी अडॅप्टर घ्या. डीडीरेस्क्यूची अक्कल अशी की ते खराब जागेशी भांडत बसत नाही. पहिल्या फेरीत मोठमोठे तुकडे भराभर उचलतं, एरर आला की उडी मारून पुढे जातं, चांगला भाग हातात आला की मग मागे येऊन खराब पट्ट्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी कुरतडतं, आणि शेवटी उरलेला गाभा एकेक सेक्टर करून. काय मिळालं काय राहिलं ते एका नोंदवहीच्या फाईलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे मध्ये लाईट गेली किंवा डिस्क तापली म्हणून थांबवलंत तरी परत तिथूनच सुरू. स्क्रीनवर मिळालेल्याचा आकडा पहिल्या काही तासांत झरझर चढतो आणि मग उरलेल्या थोड्याशासाठी दिवस जातो, तिथे घाई करू नका. एकच गोष्ट दहा वेळा तपासा: कुठून आणि कुठे. हे उलटं दिलंत तर रिकामी डिस्क तुमच्या फोटोंवर लिहिली जाईल.

कॉपी हातात आली की अर्धी लढाई संपली. फाईल डिलीट झाली असेल तरी घाबरायचं कारण नाही, कारण डिलीट म्हणजे घर पाडलं असं नाही, पंचायतीच्या रजिस्टरातली नोंद फक्त खोडली. फॅट नावाच्या जुन्या फाईल सिस्टिममध्ये तर फाईलच्या नावाचं पहिलं अक्षर बदलतात आणि जागा रिकामी म्हणून जाहीर करतात, बस. क्विक फॉरमॅटही तसंच. पण विस्टापासूनच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितो, तिथे खेळ खलास.

नोंदीच गेल्या असतील तर फोटोरेक नावाचं दुसरं फुकट सॉफ्टवेअर घ्यायचं. ते नोंदींकडे बघतच नाही, सरळ कच्चा डेटा चाळत जातं. प्रत्येक जेपीजी फोटोची सुरुवात ठरलेल्या बाइटांनी होते, एफएफ, डी८, एफएफ, ती दिसली की इथून फोटो. नावं मात्र जातात, 'चवथ २००६' चं होतं 'एफ' आणि पुढे आकड्यांची माळ, आणि त्यात ब्राऊझरमधली जुन्या जाहिरातींची चित्रंही हजारोंनी निघतात. फोटोच्या आत कॅमेऱ्याने टाकलेली तारीख असते, तिच्यावरून लावून घ्या (कॅमेऱ्याचं घड्याळ कोणी लावलं असेल तर). फाईल तुकड्यांत विखुरलेली असेल तर वर नारळ, सुपारीची कात्रं, तोरिंगण झकास दिसतं आणि खाली गणपतीच्या जागी सपाट करडा रंग. तसं झालं तर आतला छोटा थंबनेल शाबूत आहे का बघा, बऱ्याचदा असतो, टपाल तिकिटाएवढा का होईना.

एसएसडीला, म्हणजे चकत्यांऐवजी चिपांवर डेटा ठेवणाऱ्या ड्राईव्हला, यातलं फार काही लागू नाही. तिथे ट्रिम नावाची सोय सिस्टिमकडून डिलीट झालेल्या जागा कळवते आणि ड्राईव्ह त्या खरोखर पुसून टाकतो. पेन ड्राईव्ह आणि एसएसडीमध्ये डेटा विजेच्या साठ्यावर टिकतो आणि तो हळूहळू गळतो, म्हणून वाचवलेले फोटो पेन ड्राईव्हवर टाकून कपाटात ठेवायचे हा प्लॅन नको.

आणि ते भाऊंचं नाटक. वर्डची जुनी फाईल सापडते, उघडते, आणि पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिखल. लोक म्हणतात फाईल खराब झाली आणि डिलीट करतात! फाईल ठणठणीत आहे. युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरांवर अक्षरांचे एकच ठरलेले आकडे) घरोघरी यायच्या आधी मराठी टाईप व्हायचं ते श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी असल्या फॉन्टांत, जिथे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे, काना वेगळा, अर्धा क वेगळा, आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. तो फॉन्ट नसेल तर वाचता येणार नाही. पण तुम्ही अख्ख्या डिस्कची कॉपी घेतली असेल तर तो फॉन्ट त्याच कॉपीत विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये बसलेला असतो. आधी तो नव्या मशीनवर टाका, फाईल उघडून वाचता येते का बघा, पीडीएफ काढून ठेवा, आणि मगच कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये न्या. रफार आणि पहिली वेलांटी बहुतेक कन्व्हर्टर चुकवतात, त्यामुळे शेजारी ती पीडीएफ उघडी ठेवून एकदा सगळं वाचून काढावं लागेल.