अहो-जाहो

मराठीत समोरच्या व्यक्तीशी आदराने बोलण्याची रीत. ‘तू’ऐवजी ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ आणि एका व्यक्तीसाठीही अनेकवचनी क्रियापद, ही तिची व्याकरणातील खूण होय. हिच्या उलट रीतीस ‘अरे-तुरे’ म्हणतात.

‘अहो’ या संबोधनाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. संस्कृतातील ‘अहो’ हे प्रामुख्याने आश्चर्य वा खेद दाखवणारे अव्यय असल्याने मराठी ‘अहो’ थेट त्यावरून आले असे मानल्यास अर्थाचा सांधा जुळवणे कठीण जाते. त्यापेक्षा ‘लोकहो’, ‘मित्रहो’ यांतील अनेकवचनी ‘हो’शी त्याचा संबंध जोडणे अधिक सयुक्तिक वाटते; कारण ‘अरे’ एकास आणि ‘अहो’ अनेकांस, व पुढे आदरणीय एकास, असा क्रम त्यातून सहज लागतो. ‘जाहो’ हा केवळ नादासाठी जोडलेला शब्द समजला जातो. तथापि मराठीतील नादानुकारी जोडशब्द बहुधा ‘जेवणबिवण’ या धर्तीवर ‘बि’ घेऊन येतात, आणि ‘अरे-तुरे’तील दुसऱ्या पदात ‘तू’ स्पष्ट दिसतो. तेव्हा ‘जाहो’तही ‘जा’ हे आज्ञार्थी रूप असावे, असे मानण्यास जागा आहे. ‘आपण’ मात्र ‘आत्मन्’पासून प्राकृत ‘अप्प’, ‘अप्पण’ या रूपांतून आला, याविषयी फारसा मतभेद नाही. ‘आपण जाऊ’ यात तो बोलणारा व ऐकणारा दोघांना कवेत घेतो, तर ‘आपण बसावे’ यात फक्त ऐकणाऱ्यास उद्देशून येतो.

एका व्यक्तीसाठी आदराने अनेकवचन वापरणे मराठीपुरते नाही. पाणिनीच्या सूत्रांवरील काशिका या वृत्तीत गुरूला उद्देशून ‘त्वम्’च्या जागी ‘यूयम्’ काहींच्या मते चालते, असे नमूद आहे. मराठीत ही पद्धत केव्हा रूढ झाली हे नेमके ठरवता येत नाही. ज्ञानेश्वरी (परंपरेनुसार शके 1212, इ. स. 1290) हा येथे महत्त्वाचा पुरावा असला, तरी एकनाथांनी शके 1506 मध्ये तिचे पाठशोधन केल्याने प्रत्येक रूप मूळचेच मानता येत नाही. आरंभीच्याच एका ओवीत ‘देवा तूंचि गणेशु’ असे एकवचन आणि शेवटी ‘अवधारिजो जी’ हे आदरवाचक येते. म्हणजे आदर दाखवण्याचे काम सर्वनामाऐवजी ‘जी’सारख्या अव्ययानेही होत असे. देवाला ‘तू’ म्हणण्याची ही रीत आजही टिकून आहे.

घरातील वापर नात्यावर ठरतो, पण तो सरळ वयाच्या क्रमाने जात नाही. ‘वडील आले’ असे अनेकवचन, तर ‘आई आली’ असे एकवचन सर्वसाधारणपणे रूढ आहे. आजोबांना ‘अहो’ आणि आजीला ‘अगं’ म्हणणारी घरे पुष्कळ. येथे जवळीक आणि दरारा यांची वाटणी झालेली दिसते. आईचा मान कमी, असा अर्थ कोणी लावत नाही. पत्नीने पतीला ‘अहो’ म्हणावे, नाव घेऊ नये, हा संकेत इतका पक्का होता की ‘अहो’ हेच पतीचे नाव होऊन बसले आणि प्रत्यक्ष नाव उच्चारण्यासाठी उखाण्याचा प्रसंग लागे. शहरी तरुण जोडप्यांत तो बराच सैल झाला आहे.

घराबाहेर वयाखेरीज जात, हुद्दा आणि पैसा यांचाही हिशेब होत आला. वयोवृद्ध मजुराला वा घरकाम करणाऱ्या बाईला लहान मुलांनीही अरे-तुरे करावे, आणि त्यांनी मात्र त्या मुलांना अहो-जाहो करावे, ही जुन्या जातिव्यवस्थेची उघड खूण होती. व्याकरणाच्या पुस्तकांत तिची दखल क्वचितच आढळते. ओळख नसलेल्या माणसाशी बोलताना ‘काका’, ‘मावशी’, ‘दादा’, ‘ताई’ असे नाते जोडून ही अडचण सोडवली जाते. सार्वजनिक पाट्यांवर तर ‘येथे थुंकू नये’, ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी विध्यर्थी रूपे येतात, त्यामुळे वाचणाऱ्यास ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’ हा प्रश्नच उरत नाही.