सी कोड पोर्टेबल करताना: सिस्टीम कोणती, की फंक्शन आहे का?

सीमध्ये लिहिलेली लायब्ररी दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर न्यायची म्हटलं की हात आधी इफडेफकडे, म्हणजे अट पुरी झाली तरच कोडचा तो तुकडा कंपाइल करायला लावणाऱ्या सूचनेकडे जातो. लिनक्स असेल तर हे, विंडोज असेल तर ते, मॅक असेल तर तिसरंच. पुढे त्याच फाइलमध्ये वेगळ्या जातीचे इफडेफ दिसू लागतात: अमुक फंक्शन उपलब्ध आहे का? लिहायला दोन्ही सारखेच, कधीकधी एकाच ओळीत जोडलेलेही असतात. त्यामुळे दोन्ही एकच काम करतात असा समज पसरतो. पण पहिला प्रश्न नावाचा आहे आणि दुसरा सुविधेचा. गावाचं नाव ठाऊक असणं वेगळं आणि तिथे एसटी थांबते की नाही हे ठाऊक असणं वेगळं.

नावावर भिस्त ठेवली की काय होतं, ते स्ट्रएलकॉपी या फंक्शनवरून नीट कळतं. बफरचा आकार लक्षात घेऊन स्ट्रिंग कॉपी करणारं हे फंक्शन १९९८ साली ओपनबीएसडी या युनिक्सच्या घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आलं. बाकीच्या बीएसडींनी आणि मॅकने ते घेतलं, पण बहुतेक लिनक्स वितरणांत असणाऱ्या जीलिबसीने, म्हणजे सीची मूळ फंक्शनं पुरवणाऱ्या तिथल्या सी लायब्ररीने, ते बरीच वर्षं नाकारलं. साहजिकच असंख्य प्रकल्पांत एक ठरावीक तुकडा लिहिला गेला: लिनक्स असेल तर आपलं स्वतःचं स्टॅटिक (त्या फाइलपुरतं) स्ट्रएलकॉपी वापरा. ऑगस्ट २०२३ मध्ये जीलिबसी २.३८ आली आणि तिच्यात स्ट्रएलकॉपी होतं. आता हेडरमध्ये (लायब्ररीची फंक्शनं जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये) एक घोषणा, खाली आपली स्टॅटिक व्याख्या. कंपायलर दोन्ही एकत्र मान्य करत नाही. ज्या कोडला कुणी हात लावला नव्हता, त्याचा बिल्ड नुसत्या अपग्रेडने मोडला.

खरं तर ती समजूत त्याआधीही चूकच होती. अल्पाइन लिनक्समध्ये जीलिबसी नसते, मस्ल ही दुसरी सी लायब्ररी असते. अँड्रॉइडचं कर्नल लिनक्सचंच, पण सी लायब्ररी बायोनिक. दोन्हींत स्ट्रएलकॉपी आधीपासून होतं. म्हणजे इफडेफ ज्यावरून लिनक्स ओळखतो तो मॅक्रो (कंपायलरला ठाऊक असलेलं एक नाव) फक्त कर्नलबद्दल सांगतो, आणि आपण त्यातून सी लायब्ररीबद्दल निष्कर्ष काढत असतो. मस्लच्या कर्त्यांनी तर आपली ओळख पटवणारा मॅक्रो मुद्दामच दिलेला नाही. सुविधा तपासा, आमचं नाव विचारू नका, ही त्यांची भूमिका मला पूर्ण पटते.

सुविधा तपासायची म्हणजे बिल्डच्या सुरुवातीला कॉन्फिगर स्क्रिप्ट किंवा सीमेक हे बिल्डचं साधन एक छोटा प्रोग्राम कंपाइल आणि लिंक करून बघतो. जमलं, तर तशी नोंद कॉन्फिग हेडरमध्ये होते. कोड ती नोंद बघतो, सिस्टीमचं नाव बघत नाही. जीलिबसी २.३८ आली तेव्हा अशा प्रकल्पांना काही करावंच लागलं नाही. पुढच्या बिल्डला तपासणीने फंक्शन सापडल्याचं कळवलं आणि स्वतःची प्रत आपोआप बाजूला पडली.

या पद्धतीचा माझ्या मते सर्वांत सुबक नमुना म्हणजे पोर्टेबल ओपनएसएसएच, दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करून देणारा प्रोग्राम. मूळ कोड ओपनबीएसडीसाठी लिहिला जातो आणि तिथली फंक्शनं आहेतच असं धरून चालतो. दुसऱ्या सिस्टीमवर जे फंक्शन नसेल, ते ओपनबीएसडी-कॉम्पॅट नावाच्या वेगळ्या डिरेक्टरीतून पुरवलं जातं. बहुतेक इफडेफ त्या कोपऱ्यात राहतात आणि मुख्य कोड वाचताना नजर सतत अडखळत नाही. बाहेर येणाऱ्या आवृत्तीच्या आकड्यामागे लावलेला 'पी' या पोर्टेबल अवताराचाच.

म्हणून सुविधा तपासली की काम झालं, असंही नाही. पहिला सापळा लिंकिंगचा. कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवून देणाऱ्या ऑटोकॉन्फची नेहमीची फंक्शन-तपासणी एवढंच बघते की त्या नावाचं काही लायब्ररीत सापडतं का. हेडरमध्ये त्याची घोषणा आपल्याला दिसते की नाही, हा प्रश्न तिने विचारलेलाच नसतो. स्ट्रिंगची प्रत काढून तिचा पत्ता देणारं स्ट्रडुप घ्या. जीलिबसीत ते आहे, तपासणी 'हो' म्हणते. पण कोड काटेकोर सी९९ मोडमध्ये कंपाइल केला आणि पॉसिक्स या युनिक्स-मानकाची फंक्शनं मागणारा मॅक्रो दिला नाही, तर हेडर ती घोषणा झाकून ठेवतं. जुना जीसीसी कंपायलर अशा वेळी नुसती वॉर्निंग देऊन फंक्शन इंट परत करतं असं गृहीत धरायचा. ६४ बिटच्या मशीनवर पॉइंटर ६४ बिटचा आणि इंट ३२ बिटचा, त्यामुळे पत्त्याचा वरचा अर्धा भाग उडायचा. क्रॅश व्हायचा तो दुसऱ्याच कुठल्या तरी ओळीवर. क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या १६ आणि जीसीसीच्या १४ आवृत्तीपासून याला थेट एरर मिळते, हे फार बरं झालं. तरी फंक्शनची तपासणी करताना घोषणेचीही स्वतंत्रपणे करावीच.

दुसरा सापळा क्यूसॉर्ट_आरचा, आणि तो जास्त खोल आहे. सॉर्ट करताना तुलना करणाऱ्या फंक्शनला एक जादा संदर्भ देता यावा म्हणून हे आलं. जीलिबसीत ते २००८ पासून आहे. तिथे आधी तुलनेचं फंक्शन आणि शेवटी संदर्भ. मॅकवर बरोबर उलट: आधी संदर्भ, मग फंक्शन. तुलनेच्या फंक्शनलाही संदर्भ एकीकडे शेवटी मिळतो, दुसरीकडे सुरुवातीला. नाव तेच, आर्ग्युमेंट पाचच. 'क्यूसॉर्ट_आर आहे का' या प्रश्नाला दोन्हीकडे खरं उत्तर 'हो', आणि त्या उत्तराचा उपयोग शून्य. त्यातून संदर्भ व्हॉइड पॉइंटर असेल तर जीसीसी पेडँटिक या काटेकोर तपासणीच्या पर्यायाशिवाय तक्रारही करत नाही. प्रोग्राम चालू झाला की तुलनेसाठी डेटाच्या पत्त्यावर उडी मारली जाते आणि सगळं कोसळतं.

मग इथे तरी नाव विचारावं का? फ्रीबीएसडीत मॅकसारखाच क्रम होता. पण फ्रीबीएसडी १४ जीलिबसीच्या क्रमावर आली आणि २०२४ च्या पॉसिक्सनेही तोच क्रम मान्य केला. 'फ्रीबीएसडी म्हणजे उलटा क्रम' ही ओळ तिथून पुढे खोटी ठरली. यावर उपाय एकच. तपासणीच्या प्रोग्राममध्ये आपल्याला हव्या त्या क्रमाने क्यूसॉर्ट_आरची घोषणा स्वतः लिहायची आणि हेडरशी तिचं पटतं का ते कंपायलरला विचारायचं. दोन घोषणा जुळल्या नाहीत तर कंपाइल होणारच नाही. हा प्रोग्राम चालवावाही लागत नाही, त्यामुळे क्रॉस-कंपाइल करतानाही, म्हणजे एका सिस्टीमवर बसून दुसरीसाठी बिल्ड करतानाही, तपासणी तशीच्या तशी चालते.

नावाचा प्रश्न योग्य असतो तो जिथे अख्खी रचनाच निराळी आहे तिथे. विंडोजवर सॉकेट वापरण्याआधी विनसॉक ही तिथली नेटवर्क लायब्ररी सुरू करावी लागते, सॉकेट बंद करायला क्लोज नव्हे तर क्लोजसॉकेट लागतं, आणि प्रोसेसची प्रत काढणाऱ्या फोर्कसारखं काही नाहीच. तिथे फंक्शनगणिक तपासत बसू नये. सरळ विंडोजसाठी वेगळी फाइल करावी.

राहिला नसलेल्या फंक्शनला पर्याय लिहिण्याचा प्रश्न. तपासणीने 'नाही' म्हटल्यावर घाईत काहीतरी भरून टाकण्याचा मोह होतो आणि एक्स्प्लिसिट_बीझीरोच्या बाबतीत तो सर्वांत घातक ठरतो. पासवर्ड किंवा गुप्त किल्ली वापरून झाली की मेमरी पुसायची, हे त्याचं काम. जीलिबसीत ते २०१७ मध्ये, २.२५ आवृत्तीत आलं. नसेल तिथे मेमसेट हे मेमरी भरणारं साधं फंक्शन घातलं तर सगळीकडे कंपाइल होतं आणि टेस्टही पास होतात. पण पुढे कुणीच न वाचणारी मेमरी पुसण्यात अर्थ नाही असं ठरवून ऑप्टिमायझर तो मेमसेटच काढून टाकू शकतो. किल्ली तिथेच राहते. ओपनएसएसएचने मेमसेट_एससारखं खात्रीचं काही नसेल तेव्हा मेमरी शून्य करणाऱ्या बीझीरोला व्होलाटाइल फंक्शन पॉइंटरमधून हाक मारली आहे. त्या पॉइंटरमध्ये काय असेल हे कंपायलरला गृहीत धरता येत नाही, म्हणून तो कॉल काढताही येत नाही. आणि असा भरवशाचा पर्याय सापडतच नसेल, तर हॅश-एरर लिहून बिल्ड तिथेच थांबवावा. त्या सिस्टीमवर लायब्ररी मिळाली नाही तरी चालेल.