धनुष्याची लांबी आणि ड्रॉ लेंग्थ

धनुष्य किती लांब घ्यावे हे तिरंदाजाच्या उंचीवर नव्हे, तर तो दोरी किती मागे ओढतो यावर ठरते. या ओढीच्या मापाला ड्रॉ लेंग्थ म्हणतात. दोरी पूर्ण ओढून हात हनुवटीखाली स्थिरावला, की बाणाच्या खाचेपासून धनुष्याच्या मुठीतील सर्वांत खोल बिंदूपर्यंतचे अंतर मोजतात आणि त्यात पावणेदोन इंच मिळवतात. सारख्याच उंचीच्या दोघांचे हात, खांदे आणि हनुवटीखाली हात टेकवण्याची जागा वेगवेगळी असते. त्यामुळे त्यांच्या ड्रॉ लेंग्थमध्ये सहज इंचभर फरक पडतो.

अंदाजासाठी दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर घेतात आणि त्याला २.५ ने भागतात. हे अंतर १७५ सेंमी असेल, तर ड्रॉ लेंग्थ ७० सेंमी, म्हणजे सुमारे साडेसत्तावीस इंच येते. खरे माप मात्र हलक्या धनुष्यावर लांब बाण लावून, दुसऱ्या कोणीतरी बाणावर खूण करूनच घ्यावे. नवशिक्याने पहिल्याच दिवशी घेतलेल्या मापावर विसंबू नये. पाठीचे स्नायू वापरायची सवय लागली आणि खांदे जागेवर बसले, की ओढ बहुधा वाढते.

लांबी चुकल्याचा परिणाम सर्वांत आधी बोटांना जाणवतो. धनुष्य आखूड आणि ओढ लांब असेल, तर पूर्ण ओढीला दोरीचा कोन अरुंद होतो. दोरी धरलेली तीन बोटे एकमेकांवर दाबली जातात, बाणाची खाच चिमटीत सापडते आणि दोरी स्वच्छ सुटत नाही. शिवाय दोरी चेहऱ्यापासून तिरकी दूर जाते. रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले धनुष्य वापरणारे तिरंदाज हनुवटी आणि नाकाचे टोक या दोन्ही ठिकाणी दोरी टेकवून नेम पक्का करतात. दोरी नाकापर्यंत येत नाही म्हणून डोके पुढे झुकवावे लागले, की मानेची ठेवण बिघडते आणि प्रत्येक बाणाला वेगळी बिघडते.

दुसरा परिणाम ताणाचा, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोराचा. धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांना लिम्ब म्हणतात. लिम्बचे टोक आणि दोरी यांच्यातील कोन काटकोनाकडे जाऊ लागला, की ओढ एकदम जड होते. याला स्टॅकिंग म्हणतात. मध्यम ताणाच्या धनुष्यात एरवी दर इंचाला सुमारे दोन पौंड वाढतात, पण आखूड धनुष्याच्या शेवटच्या इंचात ही वाढ त्याहून बरीच जास्त होऊ शकते. ओढ पूर्ण झाली की टक् असा आवाज करणाऱ्या पट्टीला क्लिकर म्हणतात. बाण या क्लिकरखालून ओढून घ्यायचे शेवटचे काही मिलिमीटर नेमके तिथेच येतात, त्यामुळे नेमबाजीत स्टॅकिंग फार महागात पडते.

उलट चूक त्या मानाने सौम्य असते. गरजेपेक्षा लांब धनुष्याचे लिम्ब पुरेसे वाकत नाहीत, कमी ऊर्जा साठते आणि बाण थोडा मंद जातो. पण ओढ मऊ राहते आणि धनुष्य हातात स्थिर बसते. म्हणून दोन मापांच्या सीमेवर असलेल्याने लांबाकडे झुकावे.

रिकर्व्हसाठी सर्वसाधारण प्रमाण असे : २४ ते २६ इंच ओढीला ६४ किंवा ६६ इंची, २६ ते २८ ला ६६ किंवा ६८, २८ ते ३० ला ६८ किंवा ७० आणि त्यापुढे ७० किंवा ७२ इंची धनुष्य. मधला कडक भाग, म्हणजे रायझर, बहुधा २३, २५ किंवा २७ इंची असतो. लिम्ब आखूड, मध्यम आणि लांब मिळतात. २५ इंची रायझरला ते जोडले, की अनुक्रमे ६६, ६८ आणि ७० इंच होतात. तेच लिम्ब २३ इंची रायझरवर चढवले, तर ताण सुमारे दोन पौंडांनी वाढतो; २७ इंचीवर तेवढाच घटतो. वाढत्या वयाच्या मुलांसाठी ही जोडणी फार सोयीची, कारण रायझर तोच ठेवून लिम्ब बदलता येतात.

कंपाउंड धनुष्यात लिम्बच्या टोकांना कॅम नावाची चाके असतात. ओढ या कॅमवरच बसवलेली असते आणि दोरी बोटांऐवजी रिलीज नावाच्या पकडीने सोडतात, त्यामुळे बोटे चिमटण्याचा प्रश्नच उरत नाही. तिथे लांबी दोन्ही टोकांच्या आसांमधली मोजतात. शिकारीला आटोपशीर धनुष्य घेतात, तर नेमबाजीला स्थिरतेसाठी अधिक लांब.

एकाच लाकडाच्या धनुष्याला लांबीची गरज सर्वांत जास्त, कारण आखूड लाकूड लांब ओढीला मोडते. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेवर सापडलेली यू झाडाच्या लाकडाची धनुष्ये साधारण दोन मीटरची आहेत. घोड्यावरून वापरायची आशियाई धनुष्ये मात्र शिंग, लाकूड आणि स्नायुतंतू एकत्र जोडून केलेली असत. त्यांची न वाकणारी टोके तरफेसारखी काम करत आणि शेवटच्या इंचातला जडपणा कमी करत, त्यामुळे आखूड असूनही ती कानापर्यंत ओढता येत.